जुन्या पेनीचे मोल

जुन्या नाण्यांचा संग्रह हा वरवर पाहणाऱ्यास धनसंचयाचाच एक प्रकार वाटतो. परंतु साठा आणि संग्रह यांत मोठे अंतर आहे. साठा करणारा नाणी मोजतो. खरा संग्राहक ती वाचतो. हे अंतर समजून घेण्यास ब्रिटनची जुनी पेनी फार उपयोगी पडते.

भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. ब्रिटनमध्ये हा बदल १५ फेब्रुवारी १९७१ रोजी घडला. तोपर्यंत तेथे बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड होता. म्हणजे एका पौंडात २४० पेन्स होत. पेनीच्या निम्म्या किमतीचे हाफपेनी आणि चौथाईचे फार्दिंग अशी लहान नाणीही होती. कालांतराने ही सर्व नाणी बाजारातून गेली आणि संग्राहकांच्या पेट्यांत येऊन विसावली.

या नाण्यांत वाचण्याजोगे पुष्कळ आहे. १८६० पासूनच्या काशाच्या पेनीवर व्हिक्टोरिया राणी तरुण दिसते. १८९५ पासूनच्या पेनीवर तीच वृद्ध आणि डोक्यावरून वस्त्र घेतलेली आहे. त्याच वर्षापासून पेनीवर ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ या अर्थाची लॅटिन अक्षरे आली. १९४९ च्या पेनीवर मात्र राजाची ती पदवी उरली नाही. भारताच्या स्वातंत्र्याची नोंद लंडनच्या भाजीवाल्याच्या गल्ल्यापर्यंत अशी पोहोचली!

दुर्मिळ नाणे मिळाले, तरच संग्रहाला अर्थ, असे काहींना वाटते. १९३३ साली पेन्सांचा तुटवडा नव्हता; म्हणून त्या वर्षी मोजक्याच पेन्स पाडल्या गेल्या. त्यांतील काही नव्या इमारतींच्या कोनशिलांखाली ठेवल्या होत्या. पुढे त्यांची किंमत इतकी वाढली, की १९७० साली लीड्स येथील एका चर्चच्या कोनशिलेखालून तशी एक पेनी चोरीस गेली. दुर्मिळतेचा हव्यास माणसाला कोठवर नेतो, हे यावरून दिसते.

याउलट, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १९०३ सालची एक अगदी सामान्य पेनी जपून ठेवली आहे. मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या स्त्रियांच्या चळवळीत, राजाच्या मुखावर ‘स्त्रियांना मते द्या’ या अर्थाची अक्षरे तिच्यावर ठोकली गेली. नाणे विद्रूप करणे हा गुन्हा होता. पण मागणी हातोहात पसरविण्यास पेनीहून स्वस्त दूत कोठला? ब्रिटनमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला तो १९२८ साली. चोरट्यांना मोह पाडणाऱ्या पेनीपेक्षा ही विद्रूप पेनी अधिक बोलकी नाही काय?

म्हणून जुने नाणे हाती आले, की चिंचेने घासून ते लखलखीत करण्याचा मोह आवरावा. घासल्याने वर्षांचे करडे तेज जाते आणि जाणकारांच्या लेखी नाण्याची किंमतही उतरते. आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा असो, की सातासमुद्रापलीकडची पेनी असो, ती किती रुपयांची, हा प्रश्न नंतरचा; तिने काय पाहिले, हा प्रश्न पहिला. तो ज्याला पडतो, त्याचा संग्रह चार नाण्यांचा असला, तरी सोळा आणे खरा असतो.