सहीवरची सही

आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांची मुलगी नोकरीसाठी नेदरलँड्सला निघाली, तेव्हा बॅगा आठवडाभरात भरून झाल्या. कागदपत्रांना मात्र अडीच महिने लागले. तिच्या जन्माच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोराच होता! आपल्याकडे जन्माची नोंद बहुधा बारशाआधीच होते. नाव मागाहून घालायचे असते आणि पुष्कळ घरांत ते राहूनच जाते. त्याची मुदत पंधरा वर्षांची. अधूनमधून शासन मुदतवाढ देते, तिच्या आधाराने मास्तरांनी नगरपालिकेत खेटे घालून मुलीला कागदोपत्री नाव मिळवून दिले, वयाच्या सव्विसाव्या वर्षी.

पण खरी यात्रा पुढेच होती. नगरपालिकेचा दाखला खरा, हे राज्य शासनाने सांगायचे. राज्याची सही खरी, हे दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगायचे. जन्म-विवाहाचे दाखले राज्याच्या गृह खात्याकडे, पदव्या शिक्षण खात्याकडे. मुलीची पदवी तर मास्तरांनी कौतुकाने लॅमिनेट करून ठेवलेली. प्लॅस्टिकवर शिक्का मारणार कसा? विद्यापीठातून दुसरी प्रत काढावी लागली. (ज्यांनी अजून लॅमिनेशन केले नसेल त्यांनी कृपया करू नये.)

या शेवटच्या शिक्क्याला ‘अपोस्टिल’ म्हणतात. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून तो आला आणि भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. त्याआधी परराष्ट्र मंत्रालयानंतर त्या त्या देशाच्या वकिलातीचा उंबरठाही झिजवावा लागे. करारातल्या देशांपुरता तो आता सुटला. करारात नसलेल्या देशांसाठी जुनी वाट अजून आहेच. २०१९ पासून मंत्रालयाने हे काम मुंबईसह इतर शहरांतही सुरू केले, ही त्यातल्या त्यात मोठी सोय.

गंमत अशी, की हा शिक्का नेमके काय सांगतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सही कोणाची, ती कोणत्या अधिकाराने केली आणि मोहोर कुठली, एवढेच. दाखल्यातला मजकूर खरा की खोटा, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. खालच्या सहीवर वरची सही, तिच्यावर आणखी वरची, आणि मूळ मजकुराकडे कोणी पाहतच नाही! उलट नगरपालिकेत नवा अधिकारी आला आणि त्याच्या सहीचा नमुना वर पोहोचला नसेल, तर अक्षर न् अक्षर खरा असलेला दाखलाही परत येतो.

२०१४ मध्ये केंद्राने राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीऐवजी नागरिकाची स्वतःची सही पुरे, असे धोरण स्वीकारले. नागरिकाच्या शब्दावर विश्वास ठेवणारी ही भूमिका स्वागतार्हच होती. मग शासनाच्या एका कार्यालयाला दुसऱ्याचा दाखला ओळखू येऊ नये आणि तो ओळखवून देण्यासाठी मास्तरांनी एसटीने मुंबई गाठावी, हे कसे? परदेशाने शिक्का मागावा, हे रास्त. पण सह्यांचे नमुने वेळेवर पाठवणे, जन्मनोंदी संगणकावरच पडताळता येणे आणि नाव नसलेला दाखला हाती देताना ‘नाव घालून घ्या’ असे खिडकीवरच बजावणे, ही कामे घरातलीच आहेत. त्यांना हेगची परवानगी लागत नाही.

ही कामे होत नाहीत, म्हणून दलालांचे फावते. अपोस्टिलचे सरकारी शुल्क कागदामागे पन्नास रुपये; दलालांनी मास्तरांना आकडा सांगितला तो हजारांत. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने तो ऐकून स्वतःच जायचे ठरवले आणि दर खेपेला डबा बरोबर नेला.

मुलगी गेली. परवा वाड्यात एका घरी पाळणा हलला, तेव्हा पेढा हातात घेता घेता मास्तरांनी बाळाच्या आजोबांना विचारले, “दाखल्यावर नाव कधी घालताय?”