पोर्टल आधी तपासा, मग आम्हाला रांगेत उभं करा!

2017 ची ऑनलाइन कर्जमाफी आठवते ना? एकाच आधार नंबरवर अनेक शेतकऱ्यांची नावं निघाली, याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. चूक बँकांची की सॉफ्टवेअरची, यावर वाद झाला. हेलपाटे मात्र बीडसारख्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यानंच घातले.

माहिती चुकीची येणारच, हे धरूनच पोर्टल तपासायला हवं. दहा सरळ अर्ज भरून ‘चालतंय’ म्हणणं ही तपासणी नव्हे. आधी नियम लिहा: एका आधारवर दोन माणसं नकोत, थकीत रकमेपेक्षा माफी जास्त नको. मग कॉम्प्युटरलाच हजारो खोटे अर्ज बनवू द्या. आडनाव नसलेले, सामाईक सातबाऱ्याचे, खाते नंबर शून्यानं सुरू होणारे, तोच आधार दोनदा आलेले. नियम कुठं मोडतो, ते आपोआप सापडतं.

ही पद्धत नवी नाही. क्लासेन आणि ह्यूज यांनी 2000 मध्ये ‘क्विकचेक’मधून ती मांडली, पायथॉनसाठीचं ‘हायपोथेसिस’ तर फुकट मिळतं. शिवाय चाचणीसाठी खऱ्या शेतकऱ्याचा आधार कुणाच्या हाती द्यावा लागत नाही.

पुढच्या योजनेचं पोर्टल उघडण्याआधी सरकारनं हे नियम आणि चाचणीचा निकाल जाहीर करावा. कच्च्या सॉफ्टवेअरची चाचणी आमच्या हेलपाट्यांनी कशाला?