आधी निदान, मग दुरुस्ती

वर्गात व्याकरण शिकविणाऱ्याने मोटारीच्या इंजिनावर लिहावे, ही काहींना अनधिकार चेष्टा वाटेल. परंतु वाक्याचा अन्वय लावणे आणि इंजिनातील दोष शोधणे ह्या दोहोंत मला तरी फारसे अंतर दिसत नाही.

आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडे एक जुनी अँबॅसडर आहे. ह्या गाडीचे उत्पादन २०१४ साली बंद पडले. निवृत्तिवेतनातून पैसे बाजूला काढून ते ती पुन्हा रस्त्यावर आणू पाहत होते. तक्रारी दोन होत्या. सकाळी इंजिन कण्हत कण्हत फिरे, आणि रात्री तापदर्शकाचा काटा तांबड्या खुणेपर्यंत चढे. पहिलीसाठी नवी बॅटरी आली. दुसरीसाठी रेडिएटर, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट असे तिन्ही बदलून झाले. काटा चढायचा तो चढतच राहिला. आता इंजिनाचे हेड उघडावे लागेल, असा एका कारागिराचा सल्ला पडला. तो खर्च झेपण्यासारखा नव्हता. गाडी भंगारात घालण्याचे बोलणे सुरू झाले होते.

मी काही विद्यार्थ्यांसह गाडी पाहावयास गेलो, तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही कविता शिकविणारे, तुम्हांला ह्यातले काय कळणार?" बोलणे खोटे नव्हते. पण नववीतील एका मुलीने विचारले, "काका, काटा रात्रीच का चढतो?" दिवसाउजेडी इंजिन चालू करून पुढचे दिवे लावून पाहिले. काटा तत्क्षणी वर गेला. दिवे मालविताच खाली आला. रेडिएटरमधले एवढे पाणी क्षणार्धात तापत नाही आणि निवतही नाही! म्हणजे तापले होते ते पाणी नव्हे. चुकत होता तो दर्शक.

इंजिन रबराच्या आधारांवर बसविलेले असते. म्हणून विजेच्या परतीच्या वाटेसाठी ते गाडीच्या सांगाड्याशी तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडतात. कारागीर तिला 'अर्थ' म्हणतात. आमच्या शब्दार्थाशी तिचा काही संबंध नाही. समुद्राकडच्या दमट हवेने ह्या पट्टीची टोके गंजली होती. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण अग्राला व दुसरे इंजिनाच्या धातूला लावून, दिवे चालू असताना पाहिले, तो जवळजवळ एक व्होल्ट भरला. तेथे दोन दशांशाहून अधिक नसावा. दिव्यांचा प्रवाह ह्याच गंजातून आल्टर्नेटरकडे परतू लागला की इंजिनाचा विद्युद्दाब सांगाड्याहून खाली जाई. तापदर्शकाचा संवेदक इंजिनातच बसविलेला. त्यामुळे त्यातून अधिक प्रवाह वाही आणि काटा उगाच चढे. स्टार्टरचा प्रचंड प्रवाहही ह्याच वाटेने जातो. सकाळचे कण्हणे त्यामुळेच! दोन तक्रारींचे मूळ एकच होते आणि उपाय होता काचकागद व एक नवा बोल्ट.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, सुटे भाग बदलीत सुटणे ह्याला दुरुस्ती म्हणू नये. आधी लक्षण केव्हा दिसते, कशाबरोबर दिसते, कशाने नाहीसे होते, हे टिपावे. अशा सवयीला पदवी लागत नाही. ह्याचा अर्थ काट्याकडे दुर्लक्ष करावे, असा मात्र नव्हे. वाफ दिसल्यास गाडी तत्काळ थांबवावी आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. दाबाखाली पाणी शंभर अंशांपलीकडेही उकळत नाही आणि झाकण सुटताच एकदम उसळून माणसाला भाजते.

आमच्या शाळेतील विज्ञानाच्या तासाला विद्युत्प्रवाह फळ्यावरच्या बाणांनी वाहतो. त्यात वाईट काही नाही. पण एखादे जुने इंजिन सायकलींच्या छपरामागे ठेवले, तर मुलांना ते बाण हाताने चाचपता येतील. पालकांनी घरातल्या उघडलेल्या रेडिओवरून मुलांवर रागावताना थोडे थांबावे, एवढेच त्यांना सांगणे. आणि कोणाच्या परसात जुना डायनामो किंवा रेडिएटर पडून असेल, तर भंगारवाल्यास देण्यापूर्वी शाळेत कळवावे. आणण्यास मुले येतील.