अंगणात पेव्हर ब्लॉक टाकताय? आधी छताचं गणित समजून घ्या

सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि नळाला रोज पाणी येत नाही. तरीही घराबाहेरचं काम काढलं की पहिला विचार पेव्हर ब्लॉकचाच होतो. चिखल जातो, हे खरं. पण ब्लॉक दिवसभर तापतात आणि पावसाचं बरंचसं पाणी जमिनीत न मुरता गटारात जातं.

नवी पेठेसारख्या दाट भागात तर अनेकांना अंगणच नाही. मग करायचं काय? उत्तर छतावर आहे. १,००० चौरस फुटांच्या छतावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ४६ हजार लिटर पाणी पडतं.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामांना पावसाचं पाणी साठवणं किंवा जिरवणं बंधनकारक आहे. छोट्या घरांना ही सक्ती नाही, पण टँकरचा खर्च त्यांनाही चुकत नाही.

त्यामुळे आधी छताला पांढरा लेप, मग पाइप, गाळणी आणि टाकी. अंगण असेल तर ब्लॉक टाकताना कडेला मातीचा पट्टा मोकळा सोडा. आणि हो, स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते.