खुर्ची विकली, जोडणीचे काय?

दसरा-दिवाळी जवळ आली की रावेत, पुनावळे, ताथवडे, मोशी इथल्या सोसायट्यांच्या गेटवर फर्निचरची खोकी उतरू लागतात. सोफा, पलंग, टीव्ही युनिट ताबा मिळाल्याबरोबर झालेले असते. राहतो तो हॉलमधला खिडकीजवळचा कोपरा. तिथे सोफ्याच्या सेटमध्ये न शोभणारी, वेगळ्या रंगाची, जरा ऐटीची एकच खुर्ची हवी असते. दुकानदार तिला अ‍ॅक्सेंट चेअर म्हणतात. गृहकर्जाचे हप्ते चालू असलेले गिऱ्हाईक ती बेतात बसेल अशीच मागते. मागणी आपल्या दारात आहे, तरी आपल्यातले बरेच कारागीर आणि छोटे कारखानदार ‘ऑनलाइनच्या भावात परवडत नाही’ म्हणून तिच्याकडे पाठ फिरवतात.

हे गणित खोटे नाही, पण अर्धे आहे. लाकूड, फोम, कापड आणि मजुरी आपण पैशापैशाने मोजतो. जोडून तयार ठेवलेली खुर्ची गोडाऊनमध्ये किती जागा अडवते, टेम्पो अर्धा हवेने भरून कसा जातो आणि डुगडुगणारा पाय बसवायला माणूस पुन्हा किती वेळा पाठवावा लागतो, ते मोजत नाही. खुर्ची सुटी करून पाठवणे ही काही आजची युक्ती नाही. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने 1859 मध्ये वाफेवर वाकवलेल्या लाकडाची 14 क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली. तिचे लाकडी भाग सहा. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि पोहोचल्या गावी स्क्रूने जोडल्या जात. स्वीडनच्या आयकियाने विसाव्या शतकात हाच धागा पुढे नेला आणि डिसेंबर 2020 मध्ये तुर्भ्याला येऊन दुकान थाटले.

आपल्या पट्ट्याला जोडणी शिकवायला मात्र व्हिएन्नाहून कोणी यायला नको. 1960 च्या दशकात एमआयडीसी आली तेव्हापासून पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकण जोडणीवरच जगत आले आहे. इथल्या घराघरांत कोणी ना कोणी असेंब्ली लाइनवर शिफ्ट करतो. टॉर्क, जिग, फिक्श्चर, पोका-योके हे शब्द त्याच्या रोजच्या तोंडचे. हाच माणूस संध्याकाळी आपण विकलेले खोके उघडतो. आत बारीक अक्षरांतला इंग्रजी कागद, एक वॉशर कमी, आणि तीन बोल्ट बसल्यावर चौथा आटा धरत नाही. तो आपल्या कामाला काय म्हणत असेल, हे सांगायला नको.

हा चौथा बोल्ट जरा जवळून पाहू. पहिले तीन बोल्ट एकामागून एक करकचून आवळले की सांगाडा त्या बाजूला ओढला जातो आणि चौथे भोक मिलिमीटरभर सरकते. मग गिऱ्हाईक बोल्ट तिरका घालून जोर लावते, आटे मरतात, टी-नट प्लायमधून उखडतो आणि खुर्ची परत येते. उपाय फुकटचा आहे. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे धरेपर्यंतच फिरवायचे, खुर्ची सपाट फरशीवर उभी करायची, बैठकीवर जरा भार द्यायचा आणि मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचे. सूचनापत्राची पहिली ओळ हीच हवी, मराठीत आणि ठळक अक्षरांत.

अर्थात सगळा दोष आवळणाऱ्याचा नसतो. डोळ्याच्या अंदाजाने पाडलेली भोके आणि हातोडीने तिरका ठोकलेला टी-नट ही आपल्या शेडमधली कामे आहेत. चार पायांसाठी एक ड्रिल जिग करून घ्या. भोसरीतली कुठलीही टूलरूम ती सहज करून देईल. सहा मिलिमीटरच्या बोल्टला सात मिलिमीटरचे भोक ठेवा, म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगले तरी बोल्ट अडणार नाही. पुढच्या आणि मागच्या पायांच्या भोकांमधले अंतर मुद्दाम वेगळे ठेवा, म्हणजे चुकीचा पाय चुकीच्या जागी बसणारच नाही. नट-बोल्टची पिशवी बंद करण्यापूर्वी वजनकाट्यावर ठेवा. एखादा बोल्ट राहिला असेल तर काटा लगेच सांगतो. सोबत एक जादा बोल्ट आणि वॉशर टाका. त्याची किंमत फिटरच्या एका फेरीच्या पेट्रोलपेक्षा कमी आहे.

काटकसर कुठे करू नये, तेही सांगायला हवे. चाकणच्या कारखान्यांत सुट्या भागांसोबत येणारे पॅकिंगचे पाइन लाकूड आपल्याकडचे अनेक जण वापरतात, आणि त्यात गैर काही नाही. हे लाकूड निवडून विकणारी अनेक गोडाऊन चिखलीच्या कुदळवाडीत होती. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामे पाडल्यावर हा व्यापार विखुरला. आता माल कोणाच्या हातून येतो याची खात्री उरलेली नाही, म्हणून फळीवरचा शिक्का स्वतः वाचा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्यावर गव्हाच्या ओंबीची खूण, देशाचा संकेत आणि प्रक्रियेची अक्षरे असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटे तापवलेले. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. ते घरातल्या खुर्चीला नको. शिक्काच नसेल तर तेही नको. तापवलेले लाकूड वाळलेले असेलच असेही नाही, म्हणून आर्द्रतामापक लावून बघा आणि मगच रंधा मारा. बैठकीच्या फोमची घनता बिलावर लिहा. 40 सांगून 32 घनतेचा फोम घातला तर पुढच्या दिवाळीपर्यंत बैठकीला खड्डा पडतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर आपले नाव फिरते.

कायदाही आता या कामाकडे बघतो आहे. साधारण वापराच्या खुर्च्या आणि स्टुलांसाठी आयएस 17632 हे मानक 2022 मध्ये आले, आणि केंद्राने फेब्रुवारी 2025 मध्ये फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. आपल्या उद्योगाच्या आकाराला तो कधी आणि कसा लागू होतो, हे भारतीय मानक ब्यूरोकडून लेखी समजून घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली तरतूद तर आपल्यातल्या अनेकांच्या गावीही नसते. वापराच्या पुरेशा सूचना न दिल्यामुळे इजा झाली, तर तिची जबाबदारी उत्पादकावर येऊ शकते. खोक्यातल्या कागदाकडे आपण कागद म्हणून बघतो. ग्राहक आयोगासमोर तो पुरावा ठरतो.

दुकानदारांनाही एक सांगणे आहे. ‘फिटिंग फ्री’ असे लिहून फिटरच्या हातावर चहापाण्याचे पैसे टेकवणे बंद करा. जोडणीचे पैसे बिलात वेगळे दाखवा आणि ते पूर्ण फिटरला द्या. ज्याला स्वतः जोडायची आहे त्याला तेवढे पैसे कमी करा. पुष्कळ जण आनंदाने स्वतः जोडतील, कारण या शहराच्या हाताला पान्याची सवय आहे.

हंगामाआधी प्रत्येकाने एक चाचणी करावी, ही या अंकाच्या निमित्ताने विनंती. आपल्या खुर्चीचे एक बंद खोके घरातल्या अशा माणसाला द्या, ज्याने आजवर पाना हातात धरलेला नाही. शेजारी बसा, पण बोलू नका आणि हात लावू नका. तो जिथे अडेल तिथे खूण करा आणि सोमवारी शेडमध्ये तेवढेच दुरुस्त करा. अर्ध्या तासात ज्याची त्याला जोडता येत नाही, ती खुर्ची स्वस्त असली तरी बाजारात उतरवू नका.