जळालेल्या चाळीचा खर्च कोणी सोसावा?

मुंबईतील भाड्याची चाळ आगीत खाक झाली की घरमालक हात वर करतो: तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही! मग वाढीव चटईक्षेत्राच्या मोबदल्यात बिल्डर 'औदार्य' दाखवितो. भाडेकरू मात्र संक्रमण शिबिरात खितपत पडतो. इमारत पडली तरी भाडेहक्क संपत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. परंतु भिंतींवाचून हक्क पोकळच! १९६९ च्या कायद्यापासून शहर विभागातील जुन्या इमारतींचे रहिवासी दुरुस्ती उपकर भरीत आले आहेत. त्यात शासनाने भर घालावी, दुरुस्ती मंडळाने चाळ उभारावी आणि मालकाच्या वाट्याचा खर्च त्याच्या जमिनीवर बोजा चढवून वसूल करावा. निवारा नफ्याच्या तराजूत तोलला जाता कामा नये. साथींनो, ही मागणी चाळीचाळीतून उठली पाहिजे!