रिकामें पिस्तूल

१९५२ सालीं हेलसिंकी येथें खाशाबा जाधव यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस ऑलिंपिकमध्यें वैयक्तिक पदक मिळण्यास ७२ वर्षें लोटावीं लागलीं. २०२४ सालच्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें तें मिळविलें, आणि तेंहि ५० मीटर रायफलच्या अशा स्पर्धेंत कीं, जींत गुडघा टेकून, पालथें पडून व उभें राहून अशा तीन स्थितींत नेम धरावा लागतो. त्याच जिल्ह्याच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें जागतिक अजिंक्यपद संपादन केलें होतें. अशीं उदाहरणें डोळ्यांसमोर असतां आपल्या मुलांमुलींस नेमबाजीची ओढ लागावी यांत नवल तें काय? अलीकडे शाळेच्या कचेरीच्या दारांत उभे राहून, "सर, मुलाला रायफल क्लबांत घालावा म्हणतों, आपलें मत काय?" असें विचारणारे पालक मला वारंवार भेटूं लागले आहेत. त्यांस एकेकट्यास जें उत्तर दिलें, तेंच येथें जरा विस्तारानें लिहीत आहें.

हा प्रश्न विचारणारांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग भिणारांचा. मुलाच्या हातीं शस्त्र देणें हेंच मुळीं पाप, असें त्यांस वाटतें. आणि तलवारींचे फाळ होण्याचा दिवस यावा म्हणून प्रार्थना करणाऱ्या आपल्या ख्रिस्ती घरांतून ही शंका अधिकच कळकळीनें निघते. तिची थट्टा करण्याची माझी इच्छा नाहीं. एवढेंच सांगतों कीं, क्लबांतील नेमबाजाचें कोणाशीं भांडण नसतें. १० मीटरांवर टांगलेल्या कागदावर हवाई रायफलचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. त्यावर नेम बसावयाचा तर श्वास, नाडी आणि मन हीं तिन्ही ताब्यांत ठेवावीं लागतात. संतापलेल्या माणसाचें तेथें कांहीं चालत नाहीं. मनोनिग्रह शिकविणारे जे थोडे खेळ आहेत, त्यांत याची गणना केली पाहिजे.

दुसरा वर्ग हौशी लोकांचा. त्यांस पदक दिसतें, वर्तमानपत्रांतील छायाचित्र दिसतें, पुढें मिळूं शकणारी नोकरी दिसते. परंतु मुलाच्या हातांत आहे तें शस्त्र आहे, ही गोष्ट मात्र दिसत नाहीं. खरें सांगावयाचें तर पहिल्या वर्गापेक्षां मला या दुसऱ्या वर्गाचीच अधिक काळजी वाटते. कारण भिणारास निदान बंदुकीची ओळख तरी पटलेली असते. मी स्वतः कांहीं काळ या दुसऱ्याच वर्गांत मोडत होतों. तें कबूल करून त्याची हकीकत सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं दर शनिवारीं सकाळीं सहा-सात विद्यार्थ्यांस घेऊन मी एका क्लबांत जात असें. त्यांत इयत्ता नववीचा एक मुलगा होता. हात स्थिर, नजर स्वच्छ, बोलणें थोडें. तीन महिन्यांत त्यानें हवाई पिस्तुलांत आपल्या बरोबरीच्या सर्वांस मागें टाकलें. जिल्ह्याच्या निवड-चाचणीस तीन आठवडे उरले होते. एके दिवशीं सराव आटोपत असतां मागील बांकावरून एका सोबत्यानें त्यास नांवानें हांक मारली. मुलगा हांकेसरशीं वळला. हातांतील पिस्तूलहि त्याच्याबरोबर वळलें. त्याच्या नळीचें तोंड शेजारच्या मुलीच्या खांद्यावरून, बांकावर बसलेल्या तिघांवरून आणि माझ्या छातीवरून फिरत जाऊन भिंतीपाशीं थांबलें. हें सर्व घडण्यास एक क्षणहि लागला नसेल.

तेथील अधिकारी सैन्यांतून निवृत्त झालेले सुभेदार होते. त्यांनीं आरडाओरडा केला नाहीं. "स्टॉप" एवढा एकच शब्द खणखणीत उच्चारून त्यांनीं सर्वांचे हात थांबविले; मुलाच्या हातांतील पिस्तूल काढून घेतलें; तें लक्ष्याकडे धरून उघडून पाहिलें; आणि मग मुलास सांगितलें, "बाळ, आतां घरीं जा. चार आठवडे येऊं नकोस."

मी पुढें झालों. "सुभेदारसाहेब, पिस्तूल रिकामें होतें ना?"

"होतें."

"मग? चाचणी तीन आठवड्यांवर आली आहे. मुलाचें वर्ष फुकट जाईल."

"मास्तर, तें रिकामें आहे हें आपणांस केव्हां कळलें?"

"आतां; आपण उघडून पाहिलेंत तेव्हां."

"आणि याला?"

मीं मुलाकडे पाहिलें. तो खालीं मान घालून म्हणाला, "सर, मला वाटलें कीं शेवटचा छर्रा मारून झाला आहे."

"वाटलें," असें म्हणून सुभेदार आपल्या वहींत नोंद करूं लागले.

मला राग आला. मुलाच्या वडिलांस तर माझ्याहूनहि अधिक आला. सोमवारीं ते शाळेंत आले आणि त्यांनीं मला तीन प्रश्न विचारले. माझा मुलगा खोटें बोलला काय? त्यानें कोणास इजा केली काय? मग त्यास ही शिक्षा कशाची? मजजवळ उत्तर नव्हतें. उलट मीं त्यांच्या वतीनें क्लबाच्या चिटणिसांस एक लांबलचक पत्र लिहिलें. त्याचें नम्र उत्तर आलें. शिक्षा कायम राहिली. मुलाची चाचणी हुकली.

त्या तीन प्रश्नांचीं उत्तरें आज मला देतां येतात.

मुलगा खोटें बोलला नाहीं हें खरें. परंतु मनुष्य अगदीं मनापासून बोलला म्हणून त्याचें बोलणें वस्तुस्थितीस धरून असतेंच असें नाहीं. बंदूक अवचित सुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या वाचा; "ती रिकामी आहे असें वाटलें" हें वाक्य तुम्हांस पुनःपुन्हां आढळेल. भरलेली बंदूक जाणूनबुजून मित्राकडे कोण वळवील? भरलेल्या बंदुकीविषयीं मनुष्य दक्षच असतो. घात होतो तो रिकामी समजलेल्या बंदुकीनें. म्हणूनच प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असें धरून चालावें, हा या विद्येचा पहिला धडा होय. दुसऱ्यानें रिकामी म्हणून हातीं दिली, तरी आपण उघडून पाहावी. आपणच मिनिटापूर्वीं खालीं ठेवली असेल, तरीहि पुन्हां उघडून पाहावी.

इजा झाली नाहीं हेंहि खरें. परंतु त्याचें श्रेय मुलाकडे जात नाहीं. पिस्तूल भरलेलें असतें तरी तो अगदीं तसाच वळला असता. योगायोगानें निरुपद्रवी ठरलेली चूक आपण हंसून सोडून दिली कीं ती अंगवळणी पडते, आणि पुढें योगायोग उलटला तरी अंगवळणी पडलेली संवय आपल्या वाटेनेंच जाते. तेव्हां चूक सुधारावयाची ती निरुपद्रवी असतांनाच. दुसऱ्या प्रसंगीं शिकविण्यास अवकाश राहिलेला नसतो.

आणि शिक्षा कशाची, तर वळल्याची. १० मीटरांच्या रेषेवर एकेका नेमबाजाच्या वाट्यास सुमारें एक मीटर रुंदीची जागा येते. पिस्तुलाची नळी आंखूड. मनगट जरासें फिरलें कीं तिचें तोंड शेजाऱ्यावर जातें. स्पर्धेच्या नियमाप्रमाणें हवाई पिस्तुलाच्या चापास निदान ५०० ग्रॅम वजन पेलण्याइतका ताण असावा लागतो, म्हणजे अर्धा किलो साखरेच्या पुडीइतका. दचकलेल्या मुलाचें बोट याहून अधिक जोर सहज करतें. ४.५ मिलिमीटरच्या शिशाच्या छर्ऱ्यानें गेलेला डोळा मात्र कोणत्याहि पश्चात्तापानें परत येत नाहीं. यास्तव नळी नेहमीं लक्ष्याकडे, बोट नेम पुरता धरीपर्यंत चापाच्या बाहेर, आणि शस्त्र खालीं ठेवल्यावांचून मागें वळणें नाहीं, हे नियम अपवाद मानीत नाहींत. हुशार मुलगा, चाचणीचे दिवस, मास्तरांचें पत्र, यांपैकीं कशानेंहि नळीचें तोंड फिरत नाहीं.

क्लबांतील इतर नियमहि याच कुळांतले आहेत. सराव चालू नसतां हवाई शस्त्राच्या नळींतून आरपार जाणारी भडक नारिंगी दोरी घालून ठेवावयाची असते. तिची योजना मोठी मार्मिक आहे. दोरी दोन्ही अंगांस बाहेर दिसली म्हणजे मध्यें छर्रा नाहीं, हें दहा पावलांवरून लहान मुलासहि कळतें. मग "रिकामें आहे" असें कोणी तोंडानें सांगण्याची आणि दुसऱ्यानें त्यावर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाहीं. कागद बदलण्यास कोणी रेषेपुढें गेला असेल, तर मागें राहिलेल्यांनीं बंदुकीस हातसुद्धां लावावयाचा नाहीं. पुसणें नाहीं, नुसता नेम धरून पाहणें नाहीं. आणि "स्टॉप" हा शब्द कानीं पडतांच, चाप ओढण्याच्या बेतांत असलेलें बोटहि मागें आलें पाहिजे. धोका दिसतांच हा शब्द कोणींहि उच्चारावा. काल आलेल्या मुलीनें तो उच्चारला, तरी पदकें मिळविलेल्या वीरानें थांबावें. शंका खोटी ठरल्यास तिला कोणीं रागें भरूं नये. नाहीं तर पुढच्या वेळीं ती गप्प बसेल.

मोठीं मुलें एन. सी. सी. मध्यें .२२ रायफल चालवितात. तिची चिमुकली गोळी मोकळ्या रानांत सुमारें दीड किलोमीटर जाऊं शकते. लक्ष्यामागील मातीचा उंच बांध त्यासाठींच असतो. चाप ओढूनहि काडतूस न उडाल्यास नळी लक्ष्याकडेच ठेवून हात वर करावा व अधिकाऱ्याची वाट पाहावी, कारण क्वचित् काडतूस उशिरां पेटतें. त्या आवाजानें कानांस कायमची इजा होऊं शकते, म्हणून कान झांकून घ्यावे. छर्रे शिशाचे असतात आणि शिसें हें विष आहे. तेव्हां ते ओठांत धरण्याची खोड लागूं देऊं नये, रेषेवर खाऊ खाऊं नये, आणि सराव संपतांच साबणानें हात धुवावे.

पालकांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. ४.५ मिलिमीटर व्यासाची, मर्यादित शक्तीची हवाई बंदूक परवान्यावांचून मिळते, म्हणून अनेक घरांत तिला खेळण्याचा मान दिला जातो. परवाना लागत नाहीं याचा अर्थ धोका नाहीं असा होत नाहीं. ती कुलपांत असावी, छर्रे दुसऱ्या ठिकाणीं असावे, आणि दोन्ही किल्ल्या वडीलधाऱ्यांच्या हातीं असाव्या. पाहुणे आले असतां, "दाखव रे, नेम कसा धरतोस!" असें म्हणून मुलास दिवाणखान्यांत बंदूक आणावयास लावूं नये. धाकट्या भावाकडे नळी रोखून काढलेलें छायाचित्र घरांत कौतुकानें फिरलें, तर क्लबांत चार महिन्यांत शिकविलेलें एका सायंकाळीं पुसलें जातें.

क्लब निवडतांनाहि भिंतीवरील ढालींकडे व छायाचित्रांकडे पाहून भुलूं नये. तासभर बांकावर बसून राहा. हातावेगळ्या केलेल्या प्रत्येक शस्त्रांत दोरी जाते काय, अधिकाऱ्याची दृष्टि मुलांच्या गुणांवर आहे कीं त्यांच्या हातांवर, हें न्याहाळा. शेवटीं एक प्रश्न विचारा: "नियम मोडल्याबद्दल या वर्षीं कोणास घरीं पाठविलें काय?" "आमच्याकडे तसा प्रसंगच येत नाहीं," असें उत्तर मिळालें, तर मी तरी आपल्या मुलास तेथें घालणार नाहीं. जेथें मुलें आहेत तेथें चुका आहेतच. त्या दिसत नसतील तर कोणी पाहत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

तो मुलगा पांचव्या आठवड्यांत क्लबांत परत आला. सुभेदारांनीं मागील गोष्टीचा उच्चारहि केला नाहीं. पूर्वींच्याच जागीं त्यास उभें केलें. पुढें एका शनिवारीं कांहीं विचारावयाचें म्हणून मीं नकळत मागून त्याचें नांव घेतलें. तो हलला नाहीं. त्यानें बोट चापावरून काढलें, पिस्तूल लक्ष्याकडेच धरून उघडलें, आंत पाहिलें, दोरी घातली, तें मेजावर ठेवलें आणि एक पाऊल मागें घेतलें. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काय सर?"

मला काय विचारावयाचें होतें तें मी विसरून गेलों होतों.

त्याच सायंकाळीं मी त्याच्या वडिलांकडे गेलों, आणि क्लबास लिहिलेलें तें पत्र ही माझी चूक होती असें त्यांस सांगितलें. ते कांहीं वेळ स्तब्ध बसले. मग म्हणाले, "मास्तर, पोरानें हें मला पहिल्याच आठवड्यांत सांगितलें होतें. मीच ऐकलें नाहीं."

विद्यार्थिमित्रहो, नेमबाजी अवश्य शिका. देवानें दिलेली नजर व हात यांचा तो सदुपयोगच आहे. मात्र ज्या दिवशीं तुमच्या हातून नियम मोडेल आणि कोणी तुम्हांस घरीं पाठवील, त्या दिवशीं त्या माणसाचे आभार मानून घरीं जा. तुमच्या शेजारीं एक मीटरावर उभी असलेली मुलगीहि कोणाच्या तरी घरीं सुखरूप पोहोंचावयाची असते.